तिला ओळखणारं कुणी नव्हतं

श्रोतेहो, नमस्कार.

1995 च्या जुलैत अमेरिकेत ‘द नेट’ हा गुन्हेपट लागला. तीन आठवडेही झाले नव्हते तोच, 15 ऑगस्टला, विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. आपल्याला जे तेव्हा ठाऊकही नव्हतं, त्याची भीती या चित्रपटानं आधीच घातली होती.

यातली अँजेला, म्हणजे सँड्रा बुलक, घरी बसून संगणकाचं काम करते. पिझ्झासुद्धा संगणकावरूनच मागवते. एका टोळीचं गुपित तिच्या हाती लागतं आणि ती टोळी नोंदींमधून तिला पुसूनच टाकते. घर परस्पर विकायला निघतं, तिच्या माथी दुसरंच नाव आणि भलतेच गुन्हे मारले जातात.

जाणकार यातल्या चुका दाखवतात, आणि त्या आहेतच. इंटरनेटवरच्या पत्त्यात चार आकडे असायचे, त्यातला एकही 255 च्या पुढे जात नाही. पडद्यावर मात्र त्याहून मोठा आकडा दिसतो. पण अनेकांना खटकतं ते वेगळंच. शेजारीपाजारी कुणीच तिला ओळखू नये, असं कुठं होतं का? मला तर सबंध चित्रपटात हेच सगळ्यात पटतं. ती कुणाकडे जात नाही, तिच्याकडे कुणी येत नाही. आई आहे, पण तिला स्मृतिभ्रंश. मग ही अँजेलाच, असं सांगणार कोण?

इथं इंदुरात, रामबागेतल्या आमच्या एका काकूंना फोन आला. ‘तुमच्या आधार क्रमांकावर गुन्हा आहे, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात.’ व्हिडिओवर खाकी वर्दी. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. पण त्या फोनवाल्याची पहिली आज्ञा काय होती? दार लावा, कॅमेरा चालू ठेवा, कुणाला सांगू नका. पैशांचं नंतर, आधी माणूस एकटा पाडायचा.

दीड तास काकू खोलीत बसून होत्या. मग शेजारच्या वहिनी भुट्ट्याच्या किसाची वाटी घेऊन आल्या. काकू दुपारी कधी दार लावत नाहीत, हे त्यांना माहीत. त्यांनी कडी वाजवली, हाका मारल्या, दार उघडेपर्यंत हलल्या नाहीत. आत येऊन फोन हातात घेतला, विचारलं, “कोण बोलतंय? ठाणं कुठलं?”

पलीकडून फोन बंद झाला. संध्याकाळी दोघींनी मिळून 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली.