सर्व्हर फुल झाला, म्हणजे नक्की काय भरलं?

[दृश्य: टेबलाखाली एक काळा पीसी. त्यावर जुन्या फायलींचा गठ्ठा, बाजूला यूपीएस.]

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. सीएंच्या ऑफिसात टॅक्स ऑडिटची धांदल, ३० तारीख डोक्यावर. आर्टिकलशिप करणारा मुलगा केबिनच्या दारात येतो. "सर, बॅलन्सशीट सेव्ह होत नाहीये. सर्व्हर फुल दाखवतोय."

सर्व्हर म्हणजे हाच टेबलाखालचा पीसी. त्यात लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, सगळ्यांना फायली वाटायला सांबा हा प्रोग्राम आणि ४ टीबीची एक डिस्क. अशा वेळी केबिनमधून ठरलेलं उत्तर येतं, "जुनं काहीतरी डिलीट करा." पण कंपनी कायदा २०१३ नुसार कंपन्यांना हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. घाईत काय उडवलं, हे पुढच्या नोटिशीलाच कळतं.

[दृश्य: काळ्या स्क्रीनवर डीएफ कमांडचं उत्तर. एक ओळ शंभर टक्के.]

डीएफ ही कमांड प्रत्येक पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या प्रत्येक कप्प्याचा, हिशेब वेगळा देते. भरलंय ते फक्त डेटाचं. सिस्टिमचं पार्टिशन वेगळं असल्यामुळे सर्व्हर चालू आहे, लॉगिन होतंय, लॉग लिहिले जातायत. एकाच डिस्कमध्ये भिंत घालायची ती यासाठी. एका खोलीत पसारा झाला, तर दुसरीत वावरता आलं पाहिजे.

आता डीयू. कुठल्या फोल्डरनं किती खाल्लं, ते ही सांगते. आणि इथे पहिला चोर सापडतो: टिंबानं सुरू होणारं रिसायकल फोल्डर. सांबाला तशी सोय लावून दिली, की डिलीट केलेल्या फायली तो इथे आणून ठेवतो. विंडोजवरून हे फोल्डर सहसा दिसत नाही, आणि ते आपोआप रिकामंही होत नाही. म्हणजे "डिलीट करा" म्हटल्यावर मुलं इमानदारीनं डिलीट करत होती, जागा मात्र तसूभरही सुटत नव्हती. ठरावीक दिवसांपेक्षा जुनं सामान रोज रात्री साफ करणारी एक ओळ क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, घालायची, ती कुणी घातलीच नव्हती.

दुसरी गोष्ट चोरी नाही, राखीव कोटा आहे. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत. ती तयार करताना पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्यासाठी, बाजूला ठेवली जाते. डिस्क भरली तरी सिस्टिमची कामं अडू नयेत, हा हेतू. सिस्टिमच्या पार्टिशनवर तो शहाणपणाचा. पण ३ टीबीच्या डेटा पार्टिशनवर पाच टक्के म्हणजे १५० जीबी, निव्वळ अडवून ठेवलेली. ट्यून२एफएस कमांडनं ती एक टक्क्यावर आणता येते. सर्व्हर बंद करावा लागत नाही.

[दृश्य: जुन्या पीसीचं संग्रहित छायाचित्र.]

पार्टिशनची ही पद्धत जुनी. १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी १० एमबीची हार्ड डिस्क घेऊन आला. आज एका भाडेकराराच्या रंगीत स्कॅनलाही कधीकधी तेवढी पुरत नाही! पार्टिशनची नोंद ठेवणाऱ्या त्या काळच्या एमबीआर तक्त्यात चारच नोंदी मावतात, आणि ५१२ बाइटच्या सेक्टरांवर (डिस्कचे लहान तुकडे) तो साधारण २ टीबीच्या पुढे पाहू शकत नाही. आपल्या ४ टीबीच्या डिस्कवर एमबीआर ठेवला असता, तर जवळपास अर्धी डिस्क वाया. म्हणून जीपीटी, ही नवी पद्धत. त्याच्या तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटीही असते.

[दृश्य: ॲनिमेशन. भिंती सरकतात, एक पट्टी रिकामीच राहते.]

तरीही पहिल्या दिवशी आखलेले आकार तिसऱ्या वर्षी चुकतातच. यावर लिनक्सचा उपाय एलव्हीएम. सगळी जागा एका ग्रुपमध्ये घ्यायची, त्यातून लागेल तेवढे व्हॉल्यूम, म्हणजे आकार बदलता येणारे कप्पे, कापायचे आणि उरलेली जागा कुणालाच द्यायची नाही. हेच बहुतेकांना जमत नाही. बसवणारा माणूस पहिल्याच दिवशी सगळी वाटून मोकळा होतो. वाढवणं सोपं आहे. लोक काम करत असताना ईएक्सटी४ मोठी होते. लहान करायची तर ती आधी अनमाउंट करावी, म्हणजे वापरातून बाजूला काढावी लागते, आणि एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमची जागा कमी करण्याची तर सोय जवळपास नाहीच. तेव्हा सुरुवात कंजूषपणे करावी.

ग्रुपमध्ये दुसरी डिस्क जोडूनही जागा वाढते. मोह होतो. पण व्हॉल्यूम दोन डिस्कवर पसरला, की कुठलीही एक गेली तरी अख्खा व्हॉल्यूम गोत्यात. त्यापेक्षा दोन सारख्या डिस्क रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हीवर तोच डेटा लिहिला जाईल अशा, घ्याव्यात. जागा एकीचीच मिळते, पण एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही.

[दृश्य: डीयूच्या यादीत "बॅकअप" नावाचं फोल्डर.]

आणि हे राहिलंच. डेटाच्याच पार्टिशनमध्ये, डेटाच्याच शेजारी बॅकअप. डिस्क गेली तर दोन्ही एकदमच जाणार. रेड १ सुद्धा इथे उपयोगाचा नाही. चुकून पुसलेली फाइल तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसतो. हे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर न्यायचं, तिथून दोन-चार फायली उघडून बघायच्या, मगच इथलं काढायचं. ती डिस्क संध्याकाळी ऑफिसबाहेर गेली पाहिजे.