वासाचा माग

(येळ्ळूर शिवार. पाऊस. चिखलात रोप लावणाऱ्या बायकांची रांग.)

पाऊस लागायच्या आत इथली धूळवाफ पेरणी, म्हणजे कोरड्या मातीतली पेरणी, उरकते. ज्यांना रोप लावायचं, ते मागून चिखल करतात. येळ्ळूर, धामणे, शहापूर, वडगाव. काळ्या मातीचा हा पट्टा बेळगाव बासमतीचा. कागदोपत्री याला बासमती म्हणता येत नाही, 2016 चं भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव वापरायचा हक्क, उत्तरेकडच्या राज्यांचं. शिवारात मात्र नाव तेच.

(आजोबा ओंबी चोळून नाकाशी नेतात.)

आजोबा जे करताहेत, तेच शास्त्रज्ञही करतात. पानाचे तुकडे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात टाकायचे, दहा मिनिटं झाकून ठेवायचे, मग हुंगायचे. आणि लिहायचं: वास नाही, थोडा, भरपूर. संगणकाचं काम या नोंदीनंतर सुरू होतं.

(संगणकाचा पडदा. बारा रंगांचे पट्टे, त्यावर ठिपके.)

भाताच्या 12 गुणसूत्रांवर, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या धाग्यांवर, मिळून सुमारे 39 कोटी अक्षरं. 2005 साली ती जवळपास सगळी वाचून झाली. अकराव्या गुणसूत्राच्या कामात भारतीय शास्त्रज्ञही होते. 2018 मध्ये 89 देशांतल्या 3,010 वाणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाणागणिक अक्षर बदलतं अशा 2 कोटी 90 लाख जागा त्यात सापडल्या. हा साठा खुला आहे. बेळगावातल्या कॉलेजचं पोरगंही तो उघडू शकतं.

एवढ्या ढिगातून काढायचं काय? वासाच्या वाणांत एक अक्षर आणि बिनवासाच्या वाणांत दुसरं, अशा जागा. डेटा मायनिंग ते हेच. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक जागा. जितका वर, तितका वासाशी संबंध घट्ट. आठव्या गुणसूत्रावर उभा राहिलेला हा मनोरा बघा. तिथे बीएडीएच-2 नावाचं जनुक आहे. ते 2005 मध्येच हाती लागलं होतं, त्यामुळे मनोरा तिथेच उठला की पद्धतीवर भरवसा बसतो. बहुतेक सुगंधी वाणांत या जनुकातली आठ अक्षरं गळालेली असतात. जनुक धड असेल तर वासाचा कच्चा माल भलतीकडे वळतो. मोडलं की वास साठत जातो. एवढा घमघमाट, आणि मुळाशी एक बिघाड!

फसगतही पुष्कळ होते. दहा लाख जागा तपासल्या आणि शंभरात पाच योगायोग चालवून घेतले, तर पन्नास हजार खोट्या खुणा हाती येतात. म्हणून कसोटी फार कडक लावतात. त्यात सुगंधी वाण बरेचदा एकमेकांचे भाऊबंद. त्यांच्यातलं घराण्याचं साम्य वासाच्या खात्यावर मांडून चालत नाही.

(पुन्हा शिवार. बांधावर बसलेली म्हातारी माणसं.)

हेच बी दुसऱ्या मातीत नेलं की वास उतरतो, असं इथले लोक सांगतात. दाणा भरताना हवा गार असली तर वास वाढतो, हे प्रयोगांतही दिसलंय. जनुकांच्या साठ्यात मात्र माती आणि हवेचा रकाना अनेकदा कोराच. तो भरायचा तर या बांधावरच यावं लागेल.

(रस्त्याचं काम. यंत्रं.)

हलगा-मच्छे बायपासचं काम याच पट्ट्यात आलं. शेतकऱ्यांनी आंदोलनं केली, कोर्टातही गेले.

(बियाण्याच्या पिशव्या.)

या पिशव्यांवर वाणाचं नाव, शिवार, पेरणीची तारीख आणि वास घेणाऱ्याचा शेरा, चारही लिहिलंय.