घर वर, स्टुडिओ घाटाखाली

नमस्कार श्रोतेहो. अजिंठ्याला आपल्यातले बहुतेकजण जाऊन आलेले असणार, शाळेच्या सहलीत तरी. पण लेणी पाहिली आणि अजिंठा गाव राहून गेलं, असंच सगळ्यांचं होतं. संभाजीनगरहून येणारी एसटी गाव मागं टाकून घाट उतरते ती थेट फर्दापूरकडं. मीही तीनदा असाच पुढं गेलो. चौथ्यांदा मात्र गावातच उतरलो. मला एका चित्रकाराचं घर बघायचं होतं.

रॉबर्ट गिल. मद्रासच्या फौजेतला अधिकारी. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला लेण्यांतली चित्रं उतरवून घ्यायच्या कामावर नेमलं, आणि त्यानं मुक्काम केला तो गावातल्या निजामकालीन बारादरीत. तिथं मी आपला रंगाचे डाग, इझलची जागा, असलं काहीबाही शोधत होतो. वेडेपणाच तो. त्याचा स्टुडिओ इथं नव्हताच. तो बाराएक किलोमीटर लांब, घाटाखाली, वाघूर नदीच्या वळणावरच्या कड्यात होता. आपण मोटारीनं उतरतो तरी पोटात कालवतं. या माणसानं काम केलं ते त्या अंधारात, कॅनव्हासवर, तैलरंगात, मूळ भिंतीएवढ्या मापानं. थोडीथोडकी नाही, जवळजवळ वीस वर्षं.

आणि हाती काय लागलं? चित्रं लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली, आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथं आग लागून जवळजवळ सगळी जळाली. पुढं १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. कला शाळेची मुलं घेऊन आले. पुन्हा तेरा वर्षं खपून नकला झाल्या, त्यातल्याही बऱ्याच १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. मातीच्या गिलाव्यावरची मूळ चित्रं दीड हजार वर्षं टिकली, आणि नकला अशा!

गावात एका आजोबांना मी गिलचं घर विचारलं होतं. ते म्हणाले, “पारूची कबर बघायची आसंल ना? समदे तिलाच बघाया येतात.” खरंच आहे ते. पारू म्हणजे पारो, गिलची इथली सोबतीण. एक साधी दगडी कबर, त्यावर इंग्रजीत कोरलेलं: माझी लाडकी पारो, २३ मे १८५६ रोजी वारली. बाकी जे काही ऐकायला मिळतं ते लोकांनी रचलेलं. मला ते फारसं रुचत नाही. दगडावर एवढंच लिहिलंय, तेवढं पुरे. ती गेल्यावरही गिल इथंच राहिला. पुढं हातात कॅमेरा घेतला. १८७९ साली वारला, त्याची कबर भुसावळला आहे.

मग मीही घाट उतरलो. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभा राहिलो, वही काढली आणि बॉलपेननं त्याच्या हातातलं कमळ काढायला घेतलं. कमळ नको, म्हटलं बोटंच काढू. उजेड अगदी मंद. एक बोट झालं, दुसऱ्याचं पेर चुकलं, खोडलं, तेवढ्यात पहारेकरी मागून म्हणाला, “चला साहेब, टाइम झाला, पुढची पार्टी थांबलीय.”