साल नसलेला कंद

हा लिलीचा कंद. जरा जवळून बघा. कांद्याला वरून कागदासारखी कोरडी साल असते, तशी इथे नाही. एकावर एक चढलेले हे पांढरे, मांसल खवले थेट हवेला उघडे आहेत. खाली लोंबणारी मुळंही जिवंत आहेत, ती छाटायची नाहीत.

साल नसल्यामुळे हा कंद ट्युलिपसारखा महिनोन्‌महिने कोरडा पडून राहू शकत नाही. सुकत जातो. म्हणून घेताना टणक, भरलेला बघून घ्यायचा आणि हातात आला की लगेच लावायचा.

किती खोल? कंदाच्या उंचीच्या साधारण तिप्पट. नवख्या माणसाचा हात इथे हमखास थांबतो, इतकं खाली पुरायला जीव होत नाही. पण बहुतेक लिलींना मुळं दोन ठिकाणी फुटतात: कंदाच्या बुडाशी, आणि कंदाच्या वर, मातीतून चढणाऱ्या दांड्यालाही. ही वरची मुळं दांड्याला अन्नपाणी देतात, धरूनही ठेवतात. अपवाद पांढऱ्या मॅडोना लिलीचा. तिच्यावर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर माती पुरते.

थंडी बऱ्याच लिली सोसतात, साचलेलं पाणी सोसत नाहीत. माती चिकट असेल तर वाफा उंच करा. बुडाशी सावली, शेंड्याला ऊन, एवढं मिळालं की लिली खूश.

कळी उमलली. मधल्या तंतूंच्या टोकाला हे परागकोश अजून मिटलेले आहेत. फुटले की तपकिरी-केशरी पूड कपड्यांवर पडते आणि डाग निघता निघत नाही. चुकून पडलीच तर पाणी लावू नका, चिकटपट्टीने उचला.

घरात मांजर असेल तर मात्र लिली लावूच नका. अंगावर पडलेले पराग चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पान, फूल, फुलदाणीतलं पाणी, सगळंच मांजराला विषारी.

माझ्या मते सर्वांत मोठी चूक फुलं संपल्यावर होते. बाग नीटनेटकी दिसावी म्हणून दांडा बुडापासून कापला जातो. पण पुढच्या वर्षीचं फूल याच पानांच्या जोरावर घडायचं असतं. सुकलेलं फूल तेवढं खुडा, पानं आपणहून पिवळी पडू द्या.

आणि आता हा एक खवला. कंदाच्या बुडापासून अलगद मोडून घेतलेला. ओलसर कोकोपीटमध्ये, पिशवीत, उबदार जागी ठेवून दोनेक महिने झालेत. पिशवी उघडूया.

मोडलेल्या कडेला काही पांढरं दिसतंय? मटाराच्या दाण्याहून लहान. तो नवा कंद आहे. खाली मुळाचा एक धागाही निघालाय. आज हा कुंडीत जाईल. त्याला पहिलं फूल यायला अजून दोन-तीन वर्षं लागतील.