गाठी मोजू नका, कापून बघा!

नमस्कार मंडळी. "चवळीच्या मुळांना गाठीच गाठी आहेत, तरी पानं पिवळी का?" बोरिवलीच्या बाल्कनीपासून दादरच्या गच्चीपर्यंत सगळीकडून हाच प्रश्न येतोय, म्हणून आज फक्त तेवढंच.

गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र देतात, बदल्यात झाडाची साखर घेतात. हे माहीत आहेच. गाठी असूनही नत्र मिळत नसेल, तर पानं पिवळीच राहतात. पुढे जाऊ.

मातीत या जिवाणूंचे खूप प्रकार असतात. "प्रकार जितके जास्त, तितकं पीक जोमात," असं कमेंटमध्ये सर्रास वाचायला मिळतं. सरसकट तसं होत नाही हो! मुळात शिरण्यात जो तरबेज, तो नत्र देण्यातही तरबेज असेलच असं नाही. मातीतल्या निकामी प्रकारांनी आधीच जागा पटकावली, तर तुम्ही विकत आणलेलं कल्चर, म्हणजे पाकिटातले जिवाणू, बाहेरच राहतात.

म्हणून गाठ कापा. पेरणीनंतर तीस-पस्तीस दिवसांनी एक रोप खुरप्याने मातीसकट काढा. उपटलंत तर गाठी मातीतच राहतील. मुळं बादलीत भिजवून माती सोडवा आणि ब्लेडने गाठ मधोमध चिरा. आत गुलाबी-लाल दिसलं तर काम चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे गाठीतल्या लाल प्रथिनाचा. पांढरी असेल तर ती निकामी किंवा अजून कोवळी. हिरवट-तपकिरी म्हणजे संपलेली.

संख्येवर जाऊ नका, पुन्हा सांगते. नत्राला आसुसलेलं झाड बारीक बारीक गाठी मुळभर काढत राहतं. सोटमुळाजवळच्या मोजक्या, टपोऱ्या, आतून लाल गाठी केव्हाही बऱ्या.

आणि ती गाठच आहे ना, हेही बघा. रायझोबियमची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, नखाने सुटते. मूळच फुगलंय आणि गाठ सुटत नाही? मग ते सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे बारीक जंत. तिथे रायझोबियमचं कुठलंही कल्चर उपयोगाचं नाही.

झाडही डोळे मिटून साखर वाटत नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या सोयाबीनवरच्या प्रयोगात काही गाठींभोवतीच्या हवेतला नत्र काढून तिथे आर्गॉन भरला. नत्र न देणाऱ्या त्या गाठींतले जिवाणू कमी वाढले. विविधता उपयोगी पडते ती इथे: झाडाला निवडायला वाव मिळतो, आणि कोकणातल्या आम्लधर्मी लाल मातीत एक प्रकार तगला नाही तर दुसरा तगतो. पण युरिया ओतलात की झाड गाठींना विचारतच नाही.

नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) हे जिवाणू जवळजवळ नसतातच, तिथे कल्चर हवंच. 250 ग्रॅमचं पाकीट 10 किलो बियाण्याला पुरतं, म्हणजे 100 ग्रॅम बियांना अडीच ग्रॅम, एक लहान चमचा. अर्ध्या कप पाण्यात मोठा चमचाभर गूळ उकळा, पूर्ण गार करा. गरम पाण्यात जिवाणू मरतात! बिया ओल्या होतील इतकंच पाणी घ्या, कल्चर चोळा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, कल्चर सगळ्यात शेवटी.

पाकिटावर पिकाचं नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. चवळी, मूग, उडीद, तूर, वाल यांचा गट एक. हरभऱ्याचं वेगळं, वाटाणा-मसूरचं वेगळं, घेवड्याचं वेगळं, मेथीचंही वेगळं. वालाचं मिळालं नाही तर चवळीचं चालेल, हरभऱ्याचं नाही. मुदतीची तारीख बघा, आणि दुकानाबाहेर उन्हात मांडलेलं पाकीट घेऊच नका.