रस्ता वेगळा होतो तो शॉट

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या हो, इथे पहिल्या रांगेत जागा आहे.

या व्याख्यानमालेत दरवर्षी ज्ञानेश्वरी, अहिल्याबाई, संगीत नाटक असे विषय असतात आणि यंदा मंडळाच्या काकांनी मला फोन करून सांगितलं की तू सिनेमावर बोल, तुला जो आवडतो त्यावर बोल. मी म्हणलं, काका, मला एका मारधाडीच्या हॉलिवूडच्या पिक्चरच्या शेवटच्या पाच मिनिटांवर बोलायचंय, चालेल का? ते म्हणाले चालेल, पण आम्हाला कळेल असं बोल. तर तसाच प्रयत्न करतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी इथलाच, इंदूरच्या रामबागेत वाढलो, आणि वीस वर्षं झाली लग्नाचे व्हिडिओ एडिट करतोय. म्हणजे माझं काम असं की दिवसभर माणसांचे चेहरे बघायचे, एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर कधी जायचं ते ठरवायचं. त्यामुळे हा पिक्चर मी जसा बघितला तसाच सांगू शकतो, समीक्षक बघतात तसा नाही.

एप्रिल २०१५. महावीर जयंतीची सुट्टी होती, माझा मामेभाऊ गॅरेज चालवतो, तो आणि त्याची पोरं मला ओढून घेऊन गेली, फास्ट अँड फ्यूरियसचा सातवा भाग, हिंदीतला. हॉल फुल. अबू धाबीत ती लाल गाडी एका टॉवरच्या काचा फोडून दुसऱ्या टॉवरमधे उडी मारते तेव्हा शिट्ट्या, आरडाओरड, कोणीतरी मागून ‘भिया, गजब’ म्हणून ओरडलं, सगळं जसं असायला हवं तसंच. आणि मग शेवट आला. शेवटाला हॉलमधे इतकी शांतता की एसीचा आवाज ऐकू येत होता. पडदा पांढरा झाला, त्यावर ‘पॉलसाठी’ एवढंच लिहून आलं, आणि कोणी उठेना. झाडू घेऊन आलेला पोरगा दारातच थांबला. गॅरेजमधली ती पोरं, ज्यांचे हात ग्रीसने कायम काळे असतात, ती रडत होती हो, आणि रडतोय हे लपवत पण नव्हती. मी त्या रात्रीपासून या शेवटाचा विचार करतोय.

आता जरा हकीकत सांगतो. पॉल वॉकर, या पिक्चरांतला एक मुख्य नट. २००१ च्या पहिल्या भागात हा ब्रायन नावाचा पोलिस, चोरांच्या टोळीत वेष बदलून शिरतो आणि त्यांच्यातलाच होऊन जातो. सातपैकी सहा भागांत तो आहे. सातव्या भागाचं शूटिंग सप्टेंबर २०१३ मधे अटलांटाला सुरू झालं, नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगची सुट्टी पडली, सगळे घरी गेले, आणि ३० नोव्हेंबरला कॅलिफोर्नियात अपघातात पॉल गेला. वय ४०. बऱ्याच लोकांना वाटतं की तो स्वतः गाडी चालवत होता, तसं नव्हतं. तो शेजारच्या सीटवर होता, गाडी मित्र चालवत होता, तोही गेला. दोघं एका मदतीच्या कार्यक्रमातून निघाले होते, फिलिपिन्समधे तेव्हा मोठं वादळ येऊन गेलं होतं त्यासाठी मदत गोळा करत होते, पॉलनेच हैतीच्या भूकंपानंतर ही संस्था काढली होती. तपासात निघालं की गाडी ताशी साधारण १३० ते १५० किलोमीटरने होती, आणि त्या रस्त्यावर सत्तरच्या आसपासची मर्यादा. हे मी मुद्दाम सांगतोय कारण आपल्या सुपर कॉरिडोरच्या मोठ्या रस्त्यावर रात्री काय चालतं ते इथे बसलेल्या प्रत्येक आईला माहीत आहे, आणि मी त्या पोरांचे पण व्हिडिओ केलेत, लग्नाचे नाही, तेराव्याला लावायला फोटोंचे.

असो. तर पिक्चर अर्धा झालेला. स्टुडिओने काम बंद केलं. जुलै २०१४ ला लागणार होता तो पुढच्या एप्रिलवर गेला. आता विचार करा, त्यांच्यासमोर काय होतं? पिक्चर डब्यात टाकता आला असता. दुसरा नट घेऊन सगळं परत शूट करता आलं असतं. किंवा सगळ्यात सोपं, ब्रायनला गोष्टीत मारून टाकायचं, मारधाडीचाच पिक्चर आहे, एक गोळी, एक स्फोट, मग अंत्यविधी, आणि बाकीचे बदला घ्यायला निघाले. लेखकाला हे एका रात्रीत लिहिता आलं असतं आणि तिकिटंही खपली असती. पण त्यांनी ते केलं नाही. लेखक ख्रिस मॉर्गन आणि दिग्दर्शक जेम्स वान यांनी ठरवलं की ब्रायन जिवंत राहील. त्याला बायको आहे, पोरगा आहे, दुसरं बाळ येणार आहे, तो हे सगळं सोडून घरी जाईल.

माझं म्हणणं जे काय आहे ते इथेच आहे. माणूस खरोखर गेला तेव्हा गोष्टीत त्याला परत एकदा मारायचं नाही, एवढी समज त्या लोकांनी दाखवली. आपल्याकडे आजी काय म्हणायची? घरातून निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं. माझी आजी तर मी चुकून जातो म्हणलं तर दारातून परत आत बोलवायची, पाणी प्यायला द्यायची, आणि मग नीट म्हणायला लावायची. या पिक्चरचा शेवट मला तसा वाटतो, की त्याला येतो म्हणायला लावलं.

पण लिहिणं एक आणि दाखवणं एक. तो तर नव्हता ना. मग त्याचे दोन सख्खे भाऊ, केलेब आणि कोडी, उभे राहिले. एप्रिल २०१४ ला शूटिंग परत सुरू झालं तेव्हा ते दोघं आलटून पालटून भावाच्या जागी उभे राहायचे, तसेच चालायचे, तसेच बसायचे, आणि नंतर न्यूझीलंडच्या वेटा कंपनीने कॉम्प्युटरवर पॉलचा चेहरा तयार करून त्यांच्या अंगावर बसवला. एकूण ३५० च्या आसपास शॉट असे करावे लागले, त्यातल्या २६० मधे चेहरा पूर्ण कॉम्प्युटरचा आणि उरलेल्या ९० मधे आधीचे न वापरलेले तुकडे शोधून काढून बसवलेले. मी एडिटिंगवाला आहे म्हणून सांगतो, या ९० ला फार मान द्या. कोणीतरी अंधाऱ्या खोलीत बसून जुन्या शूटिंगचा ढीग उपसला असेल, हा कुठे मान वळवतो, हा कुठे नुसता हसतो, आणि तो तुकडा नव्या सीनच्या उजेडाला जुळतो का ते बघितलं असेल. ते काम मला माहीत आहे.

आणि भाऊ. कन्नड सिनेमातले नट पुनीत राजकुमार ऑक्टोबर २०२१ मधे गेले, हार्ट अटॅकने, वय ४६, तेव्हा त्यांच्या ‘जेम्स’ नावाच्या पिक्चरचं शूटिंग जवळजवळ झालं होतं पण डबिंग राहिलं होतं. आवाज कोणी दिला? मोठ्या भावाने, शिवराजकुमार यांनी. पिक्चर लागला १७ मार्च २०२२ ला, पुनीतच्या वाढदिवसाला. तिकडे भावांनी अंग दिलं, इकडे भावाने आवाज दिला. स्टुडिओत हेडफोन लावून धाकट्याच्या ओठांकडे बघत एकेक वाक्य बोलायचं, ओठ जुळले नाहीत की परत, परत, परत. एका वाक्याला दहादा बघावं लागतं डबिंगमधे. मी ते डोळ्यासमोर आणतो आणि मला पुढे बोलवत नाही.

जरा पाणी पितो.

हं. तर तीन वर्षांपूर्वी लोकमान्य नगरातलं एक लग्न माझ्याकडे होतं. साखरपुडा एप्रिलात मीच शूट केला होता, लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं ठरलेलं, आणि मधे ऑगस्टमधे मुलीचे वडील गेले. वर्षाच्या आत करायचं म्हणून तारीख तीच ठेवली. लग्न झालं, कन्यादान काकांनी केलं, आणि नंतर मुलीचा भाऊ माझ्याकडे आला, म्हणाला, दादा, आता कॉम्प्युटरवर सगळं होतं, बाबांना कन्यादानात टाका ना, आईच्या शेजारी, नुसता हात वर केलेला, आशीर्वाद देताना. त्याचे डोळे बघून मला नाही म्हणता आलं नाही. मी एक रात्र बसलो. फोटो हलवला, हसवला. हसले ते. पण ते असे हसत नव्हते हो. साखरपुड्याच्या शूटिंगमधे मी त्यांना चार तास बघितलं होतं, ते हसताना हनुवटी खाली घ्यायचे आणि चष्म्याच्या वरून बघायचे, आणि हा जो मी बनवला होता तो कोणाचाही बाप झाला असता. मी ते पुसून टाकलं, कोणाला दाखवलं नाही.

मग साखरपुड्याचं सगळं रॉ फुटेज परत काढलं. शेवटी एक क्लिप होती, माझ्या असिस्टंटने कॅमेरा खुर्चीवर ठेवला होता आणि रेकॉर्डिंग बंद करायला विसरला होता. फ्रेम तिरपी, फरशी दिसते, कोणाचेतरी पाय, एक पडलेला झेंडू. आणि आवाज येतो, ‘अरे तो पंखा तिच्याकडे फिरवा, घाम आलाय पोरीला. आणि या कॅमेरावाल्यांना कोणी चहा दिला का नाही?’ मग पंखा फिरल्याचा आवाज. अकरा सेकंद. मी पाठवणीचा सीन घेतला, ती गाडीत बसते, आणि तिच्या चेहऱ्यावर तो आवाज ठेवला, बाकी संगीत सगळं काढून टाकलं. भावाला दाखवलं तर तो काही बोलला नाही, परत लावा म्हणाला, मग परत लावा म्हणाला.

हे झाल्यावर मी त्या पिक्चरचा शेवट परत बघितला, आणि तेव्हा मला तो नीट दिसला. आता लक्ष देऊन ऐका, क्रम सांगतो. आधी समुद्रकिनारा. ब्रायन बायकोबरोबर, पोराबरोबर वाळूत खेळतोय, बाकीचे लांब बसून बघतायत. इथे जो चेहरा आहे त्यात कॉम्प्युटरचं काम आहे आणि बारीक बघणाऱ्याला उन्हात ते थोडं जाणवतं, पण बघा त्यांनी काय केलं, आपल्याला त्याच्याकडे बघायला कमी लावलंय आणि त्याच्याकडे बघणाऱ्यांकडे जास्त. त्या नटांचे डोळे खरे आहेत, त्यांचा मित्र खरंच गेलाय. मग डॉम, म्हणजे त्या टोळीचा म्होरक्या, विन डिझेल, निरोप न घेताच उठतो, गाडी काढतो, एका वळणावर थांबतो, आणि शेजारी पांढरी सुप्रा येऊन उभी राहते. सुप्रा कारण पहिल्या भागात दोघांनी मिळून उभी केलेली गाडी ती होती, आणि शेवटी ब्रायनने त्याच गाडीची चावी डॉमच्या हातात देऊन त्याला पळू दिलं होतं. मामेभाऊ ती सुप्रा दिसली तेव्हाच म्हणाला, बस, आता बघवणार नाही.

मग जुन्या भागांतले तुकडे येतात, २००१ पासूनचे, ते अस्सल आहेत, तोच पॉल, पोरसवदा, मग थोडा मोठा, मग बाप. आणि मग परत रस्ता, दोन गाड्या बरोबरीने, आणि एका ठिकाणी रस्त्याला फाटा फुटतो, डॉम एकीकडे, पांढरी गाडी दुसरीकडे, कॅमेरा वर जातो आणि त्या पांढऱ्या गाडीबरोबर राहतो, पुढे नुसतं ऊन. त्या शॉटमधे चेहराच नाहीये! ३५० शॉटमधे चेहरा जमवायला एवढी मेहनत, एवढा पैसा, आणि शेवटचा निरोप कशावर दिला तर एका गाडीवर, लांबून, वरून, आत कोण आहे ते दिसत नाही. तिथे आपण आपला पॉल बसवतो. माझ्या त्या तिरप्या फ्रेममधे पण माणूस नव्हता.

गाण्याचं पण सांगतो, ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, लग्नाच्या व्हिडिओत पण लोक मागतात. ‘सी यू अगेन’, पुन्हा भेटू असंच म्हणणारं. गायक चार्ली पुथने ते लिहिताना त्याच्या मनात त्याचा स्वतःचा मित्र होता, २०१२ मधे मोटरसायकल अपघातात गेलेला. म्हणून ते एवढं लागतं, दोघांसाठी आहे ते.

कोणी म्हणेल मग नेहमी जिवंतच ठेवायचं का. मला नाही वाटत. ‘ब्लॅक पँथर’ पिक्चरमधे वकांडा नावाच्या देशाचा राजा झालेला नट चॅडविक बोसमन २०२० मधे कॅन्सरने गेला, त्याच्या दुसऱ्या भागात, २०२२ च्या, राजाला आजाराने गेलेला दाखवलाय, सुरुवातीलाच अंत्ययात्रा, सगळी प्रजा पांढऱ्या कपड्यांत, आणि कंपनीचं नाव येतं तेव्हा एरवीचं संगीत नाही, फक्त त्याचे फोटो. दुसऱ्या नटाला ती भूमिका दिली नाही, चेहरा बनवला नाही. तेही पटतं मला, कारण राजा गेला की राज्याला सुतक धरावंच लागतं, त्याला गुपचूप घरी कसं पाठवणार. ब्रायन घरी जाऊ शकत होता. कोण होता तो, त्यावर आहे सगळं.

सातव्या भागाने जगभरात दीड अब्ज डॉलरच्या वर कमावले, आपल्याकडेही १०० कोटींच्या वर गेला. लोक म्हणतात मरणाचा धंदा केला. मी हे ऐकलंय आणि मला राग येतो, कारण धंदाच करायचा असता तर पुढच्या भागांत कॉम्प्युटरचा ब्रायन आणून त्याला पळवत राहिले असते, जमत होतंच. त्यांनी काय केलं माहितीये? पुढच्या भागांत ब्रायन आहे, फक्त जुन्या तुकड्यांशिवाय दिसत नाही. तो घरी पोरांना सांभाळतोय असं सांगतात. २०२१ च्या नवव्या भागाच्या शेवटी सगळे अंगणात जेवायला बसतात, हात जोडून प्रार्थना करणार तेवढ्यात कोणीतरी म्हणतं की थांबा, एक खुर्ची रिकामी आहे. तेव्हा मिया, म्हणजे ब्रायनची बायको, ती म्हणते, तो येतोय. आणि अंगणात त्याची निळी स्कायलाइन गाडी वळते.

चला, काका, तेवढा ट्यूबलाइट बंद करता का? प्रोजेक्टर लावलाय, सुप्रावाला भाग दाखवतो, चार मिनिटांचा आहे. आवाज जरा मोठा ठेवा.