उजव्या कानातली गिटार

मित्रहो, आधी एक कबुली देतो. आज ज्या अल्बमवर बोलायचंय, तो मी पहिले सहा महिने गिटारशिवाय ऐकला. हॉस्टेलवर एका मित्राचा वॉकमन होता आणि त्याच्या हेडफोनची उजवी बाजू गेलेली. वायर पिळून झाली, चिकटपट्टी लावून झाली, ढिम्म. डाव्या कानात बास, ड्रम्स आणि गाणारा. गिटारचा नुसता भास. मला वाटायचं, बिचाऱ्यांकडे गिटार घ्यायला पैसे नसतील. कव्हरवरच्या फाटक्या जीन्स बघून तो समज पक्काच होत होता.

अल्बमचं नाव 'रमोन्स', बँडचं नावही तेच. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फॉरेस्ट हिल्समधली ही चौकडी. जोई, जॉनी, डी डी आणि टॉमी, चौघांचंही आडनाव रमोन. सख्खे सोडा, चुलत भाऊसुद्धा कुणी कुणाचा नाही. बीटल्स बँडमधला पॉल मॅकार्टनी सुरुवातीच्या काळात काही दिवस 'पॉल रमोन' असं टोपणनाव लावायचा, तिथून हे आडनाव उचललं. ड्रम्सवाला टॉमी तर जन्मानं बुडापेस्टचा, खरं नाव तमाश एर्देली.

१९७५ मध्ये न्यूयॉर्क शहराचं दिवाळं निघायची वेळ आली होती. बावरी रस्त्यावरच्या सीबीजीबी नावाच्या कळकट बारमध्ये ही पोरं वाजवायची. त्या काळी मोठ्या रॉक बँडांची गाणी लांबत लांबत कुठवर गेली होती, याचा एकच दाखला देतो: 'येस' या इंग्लिश बँडनं १९७३ मध्ये दोन रेकॉर्डींचा अल्बम काढला, त्यात गाणी चार. एका बाजूला एक गाणं! आता आपण विलंबित ख्याल ऐकणारी माणसं, आपल्याला वीस मिनिटांचं भय नाही. पण आपल्याकडे तो वेळ राग उलगडायला लागतो. तिथे बराचसा वेळ 'बघा मला किती येतं' यात जायचा, असं माझं मत. वाद घालायचा असेल तर चहाच्या वेळी घालू.

रमोन्सनी काय केलं? चौदा गाणी, एकूण एकोणतीस मिनिटं. 'ज्युडी इज अ पंक' तर दीड मिनिटात खलास. फेब्रुवारी १९७६ मध्ये आठवडाभरात सगळं ध्वनिमुद्रण उरकलं आणि खर्च आला सुमारे ६,४०० डॉलर. एवढ्यात बड्या बँडांचं स्टुडिओतलं खाणंपिणं तरी निघालं असतं की नाही, शंकाच आहे. गंमत म्हणजे स्टुडिओ कुठला? रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या भव्य इमारतीतला, वरच्या मजल्यावरचा प्लाझा साउंड. ऑर्केस्ट्रा मावेल एवढा दालनासारखा स्टुडिओ, आणि आत ही चार पोरं.

पुष्कळांना वाटतं, यांना वाजवता येत नव्हतं म्हणून हे असं वाजलं. इथे जरा थांबू या. जॉनी गिटारची प्रत्येक तार खालच्या दिशेनंच छेडतो. खाली, खाली, खाली, खाली. सतारीच्या भाषेत सांगायचं तर 'दा' आणि 'रा' यांतला 'रा' त्यानं टाकूनच दिलाय, सगळे 'दा'. सतारिया वेग आला की 'दारा दारा' करतो, कारण परतताना हात रिकामा जात नाही. जॉनीचा हात प्रत्येक वेळी रिकामा वर जातो आणि पुन्हा खाली आदळतो, सेकंदाला पाच-सहा वेळा. करून बघा. हं, सगळ्यांनी. मांडीवर टिचक्या मारा, मनगटातून, सेकंदाला सहा. ... दहा सेकंदांत अर्धी सभा थांबली! त्याला अख्खा कार्यक्रम हे करायचं असायचं, पुढचं गाणं मागच्याला चिकटून. बँडमध्ये येण्याआधी जॉनी बांधकामावर पाइप जोडायचं काम करायचा. मला त्याच्या वाजवण्यात तेच दिसतं: कामाला जुंपून घेतलेला माणूस, पाळी संपेपर्यंत हात थांबवायचा नाही.

आणि त्यांनी टाकलेली दुसरी गोष्ट म्हणजे गिटारचा एकल तुकडा. त्या काळात तो नसणं म्हणजे लग्नात जेवण नसण्यासारखं. गाणं, ओळ, पुन्हा ओळ, संपलं.

आता माझ्या हेडफोनकडे येतो. निर्माता क्रेग लिऑन आणि टॉमी यांनी या अल्बमची मांडणी बीटल्सच्या सुरुवातीच्या स्टिरिओ रेकॉर्डींसारखी केली: बास डावीकडे, गिटार उजवीकडे, गळा आणि ड्रम्स मधे. म्हणजे माझ्या कानात जे घडत होतं तो बिघाड जितका हेडफोनचा, तितकाच या आखणीचा प्रताप. बाकी एक फायदा झाला. डी डीचा बास मला पाठ झाला, आणि त्यावर जोई किती जुन्या वळणाचं, साठच्या दशकातल्या प्रेमगीतांसारखं गोड गातो, हे गिटारच्या गोंगाटाआधी कळलं.

अल्बम अमेरिकेत १११व्या क्रमांकापर्यंत कसाबसा चढला. पण ४ जुलै १९७६ ला, अमेरिका स्वातंत्र्याची दोनशे वर्षं साजरी करत असताना, ही चौकडी लंडनच्या राउंडहाउसमध्ये वाजवत होती, आणि आपणही असंच वाजवायचं, हे लंडनमधल्या पोरांनी मनावर घेतलं. पाच लाख प्रतींचं गोल्ड प्रमाणपत्र या अल्बमला मिळालं २०१४ मध्ये, अडतीस वर्षांनी. तोवर जोई, डी डी, जॉनी तिघेही गेलेले. टॉमी उरला होता, तोही त्याच जुलैमध्ये गेला.

मघापासून मागे हळू आवाजात जे वाजतंय ना, ते या अल्बमचंच पहिलं गाणं आहे, पुन्हा पुन्हा. तुमच्यापैकी दोघा-तिघांनी विचारलं, डावाच स्पीकर का चालू आहे म्हणून. मुद्दाम. आता साउंडवाले दादा, उजवा लावा. आवाज वाढवा. अजून. अहो, अजून!